वेबसाइटचा पत्ता वाचायला शिका: इंटरनेटवर नव्यानं वावरणाऱ्यांसाठी

मार्च २०२५ मध्ये माझ्या बाबांनी कऱ्हाडच्या घरी बसून स्कूटरच्या नव्या नंबर प्लेटसाठी पैसे भरले. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या सगळ्या वाहनांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवायची होती आणि गल्लीत जो तो त्याबद्दलच बोलत होता. बाबांनी मोबाइलवर ‘एचएसआरपी महाराष्ट्र’ असं शोधलं, सगळ्यांत वर आलेल्या नावावर बोट ठेवलं, गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे भरले, क्यूआर कोड स्कॅन करून ८५० रुपये दिले. पावतीसुद्धा आली. दुचाकीचं शुल्क ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

प्लेट काही आली नाही. म्हणून बाबांनी पुन्हा मोबाइलवरच हेल्पलाइन नंबर शोधला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला, ‘काका, काका’ करत राहिला आणि पैसे परत मिळण्यासाठी म्हणून एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्या अ‍ॅपमधून बाबांची स्क्रीन त्याला दिसत होती. दहा-पंधरा मिनिटांत दोन व्यवहार झाले आणि ४६,००० रुपये गेले. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत, आईशीसुद्धा नाही. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला लाज वाटली. ती एक रात्र आम्हाला सगळ्यांत महाग पडली. ते का, हे शेवटच्या पायरीत सांगते.

त्यानंतर मी हे सगळं नीट समजून घेतलं, आधी बाबांना आणि मग आई, मावशी, शेजारच्या काकू यांना शिकवलं. शिकवताना कुठे अडतं ते कळलं. म्हणून ही पायऱ्यांची मांडणी त्याच क्रमानं आहे.

आधी हाताशी काय हवं

- तुमचा मोबाइल, आणि त्यावरचं ब्राउझर (वेबसाइट उघडायचं अ‍ॅप, जसं क्रोम) व बाकीची अ‍ॅप अद्ययावत केलेली
- एक वही. बँकेच्या पासबुकावर, कार्डाच्या मागे, वीजबिलावर आणि गॅसच्या पुस्तकावर छापलेले फोन नंबर त्यात उतरवून ठेवा
- बँक खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर चालू असल्याची खात्री
- १९३० हा ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा सरकारी नंबर. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, आणि मोबाइलमध्येही
- साधारण दोन तास. एका बैठकीत होत नसेल तर पहिल्या दोन पायऱ्या आज करा, बाकीचं रविवारी

१. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बनावट वेबसाइट दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी करता येते. राजमुद्रा, मंत्र्यांचे फोटो, बँकेचं बोधचिन्ह, रंग, सगळं उचलता येतं. पण खऱ्या वेबसाइटचा पत्ता तिला मिळत नाही. म्हणून पान कसं दिसतंय याकडे आधी बघूच नका, पत्ता बघा.

मोबाइलवर वरच्या पट्टीत पत्ता अर्धवट दिसतो. त्या पट्टीवर बोट ठेवलं की पूर्ण दिसतो. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतर दोन तिरक्या रेघा असतात, त्या सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा. त्या रेघेच्या उजवीकडे वेबसाइटचा मालक वाटेल ते लिहू शकतो, म्हणून त्याला काही किंमत नाही. आता त्या रेघेपासून डावीकडे, एकेक टिंब ओलांडत उलटं वाचत जा. पत्र छाटणारा टपाल कर्मचारी पाकिटावरचं नाव न वाचता आधी तळाचा पिनकोड बघतो, तसंच.

स्टेट बँकेचं उदाहरण घ्या. खरा पत्ता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’. उजवीकडून वाचलं तर ‘इन’, ‘बँक’, ‘एसबीआय’. आता समजा संदेशातून आलेला पत्ता असा आहे: ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप’. डावीकडून वाचणाऱ्याला सगळं ओळखीचं वाटतं. उजवीकडून वाचलं की पहिल्यांदा ‘टॉप’ आणि मग ‘केवायसी-अपडेट’ येतं. वेबसाइट त्या ‘केवायसी-अपडेट’वाल्याची आहे. पुढे लावलेलं बँकेचं नाव ही नुसती पाटी आहे.

दोन शेवट पाठ करा:

- सरकारी कामासाठी ‘डॉट गव्ह डॉट इन’ (काही ठिकाणी ‘डॉट एनआयसी डॉट इन’). हे पत्ते खासगी माणसाला विकत मिळत नाहीत. परिवहन विभाग असो की लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, राज्य सरकारच्या पत्त्याचा शेवट बहुतेक वेळा ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो.
- बँकेसाठी ‘डॉट बँक डॉट इन’. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

इथे नवीन माणूस तीन ठिकाणी चुकतो. एक म्हणजे टिंबाच्या जागी आडवी रेघ. ‘महाराष्ट्र-गव्ह-इन डॉट कॉम’ हा पत्ता शंभर टक्के खासगी आहे, कारण त्याचा शेवट ‘कॉम’ आहे. दुसरी, सारखी दिसणारी अक्षरं. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की छोट्या पडद्यावर एम वाटतो, ओच्या जागी शून्य बसवलेलं कळत नाही. तिसरी, आखूड केलेल्या लिंका. त्यांत खरा पत्ता दिसतच नाही. अनोळखी संदेशातली अशी लिंक उघडायचीच नाही, एवढा नियम पुरेसा आहे.

सराव म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एखादी लिंक घ्या, ती न उघडता वाचा आणि शेवटचे दोन-तीन भाग वहीत लिहा. माझ्या आईला हे जमायला चार दिवस लागले. आता ती माझ्याआधी चूक पकडते.

२. शोधत जाऊ नका, ठरलेल्या दारानं जा

बाबांची पहिली चूक हीच होती. शोधाच्या निकालात सगळ्यांत वर येणाऱ्या ओळी बऱ्याचदा जाहिराती असतात. त्यांच्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं. पैसे देऊन ती जागा कुणालाही घेता येते, फसवणाऱ्यालाही.

एचएसआरपीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे आणि म्हणूनच इतके लोक फसले, असं माझं मत आहे. काम तीन खासगी कंपन्यांना विभागून दिलेलं आहे. परिवहन विभागाच्या ‘ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ या वेबसाइटवर जाऊन आपलं आरटीओ कार्यालय निवडलं, की तिथून नेमलेल्या कंपनीच्या वेबसाइटवर पाठवलं जातं आणि तिचा पत्ता सरकारी नसतो. म्हणजे नुसता शेवट पाहून इथे भागत नाही. तिथवर तुम्ही कुठून पोचलात हे महत्त्वाचं. सरकारी दारातून आत शिरलात आणि त्या दारानंच पुढे नेलं, तर ठीक. शोधातून किंवा संदेशातून थेट त्या पानावर उतरलात, तर बंद करा आणि पुन्हा सरकारी दारापासून सुरुवात करा. पासपोर्ट, आधार, वाहन परवाना, कर, सगळ्याला हाच नियम लावा.

हे दरवेळी टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून बुकमार्क करा, म्हणजे तो पत्ता ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा. क्रोममध्ये वेबसाइट उघडी असताना वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा आणि चांदणीचं चिन्ह दाबा. आमच्या घरी बाबांच्या मोबाइलवर सात बुकमार्क आहेत: बँक, वीजबिल, परिवहन, आधार, डिजिलॉकर, आयकर आणि सायबर तक्रार. त्यापलीकडे पैशांचं काम असेल तर बाबा मला फोन करतात.

३. कुलूप दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका

‘पत्त्याशेजारी कुलूप आहे म्हणजे साइट खरी’ असं अजून बरेच जण सांगतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या वेबसाइटच्या मधे कुणी तुमचं बोलणं वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे ते सांगत नाही. कुलूप ज्यामुळे दिसतं ते प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, चोरालाही. हा गैरसमज इतका पसरला, की गूगलनं २०२३ मध्ये क्रोममधून कुलूप काढून तिथे दुसरं चिन्ह बसवलं. पत्ता ‘एचटीटीपीएस’नं सुरू होत नसेल तर नक्की थांबा. होत असेल तरी पायरी एक सोडू नका.

४. ग्राहकसेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका

८५० रुपयांवर थांबलेलं नुकसान ४६,००० वर गेलं ते इथे. नकाशावरच्या दुकान-कार्यालयांच्या माहितीत कुणालाही दुरुस्ती सुचवता येते, खोटी पानं तयार करून त्यांवर नंबर टाकता येतात. घाईत आणि वैतागात असलेला माणूस पहिला दिसलेला नंबर फिरवतो, आणि तक्रार करायला निघालेला माणूसच अशा जाळ्यात सापडतो.

नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागून, पासबुकावरून, बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपच्या आतून. मघाची वही त्यासाठीच.

फोनवर बोलताना पुढच्यापैकी काहीही ऐकू आलं की फोन ठेवून द्या, उलट बोलायची किंवा कारण द्यायची गरज नाही:

- एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखं अ‍ॅप घ्या. ही अ‍ॅप स्वतः वाईट नाहीत, कार्यालयांत रोज वापरतात. पण त्यातून समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते, ओटीपीसकट.
- ‘पैसे परत येण्यासाठी’ यूपीआय पिन टाका. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.
- आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर वीज तोडू, खातं बंद करू, अटक करू. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत.

संदेशांचंही थोडं सांगते. खऱ्या बँकेचे, सरकारचे संदेश दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, ठरावीक नावानं येतात. हल्ली त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: सरकारी असेल तर जी, व्यवहाराचा असेल तर टी, सेवेचा एस, जाहिरातीचा पी. ‘आज रात्री वीज तोडणार’ असा संदेश दहा आकडी नंबरावरून आला तर तो खोटा.

५. एपीके म्हणजे काय ते ओळखा

लग्नपत्रिका, वाहतुकीच्या दंडाची पावती, बँकेची केवायसी अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते आणि तिच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा असतो. तो फोटो नाही की कागद नाही. ते अ‍ॅप आहे. बसवून घेतलं आणि संदेश वाचायची परवानगी दिली, की तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नका, त्याचाही मोबाइल आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. त्याला फोन करून विचारा.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ अशी परवानगी असते. ती शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स या तिन्हींसाठी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ (घातक अ‍ॅप शोधणारी सोय) चालू आहे का तेही बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाइलवर हे तुम्ही स्वतः करून द्या, तोंडी सांगून होत नाही.

६. पासवर्ड

सगळीकडे एकच पासवर्ड असेल तर कुठल्यातरी लहानशा दुकानाच्या वेबसाइटवरून तो फुटतो आणि चोर तोच तुमच्या ईमेलवर लावून बघतात. ईमेल गेलं की सगळं गेलं, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. म्हणून सुरुवात ईमेलपासून करा: त्याला वेगळा, लांब पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री.

बाकीच्यांसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवून आपोआप भरणारी सोय, वापरा. क्रोममध्ये आणि आयफोनमध्ये तो आलेलाच असतो. त्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. तो पत्ता अक्षरन् अक्षर जुळवतो. बनावट पानावर गेलात तर तो पासवर्ड भरतच नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हातानं टाइप करण्याआधी वरचा पत्ता वाचा. वय झालेल्या, आकडे लक्षात न राहणाऱ्या माणसांनी पासवर्ड कागदाच्या वहीत लिहून कपाटात ठेवले तरी माझी हरकत नाही. मोबाइलमधल्या फोटोंत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. यूपीआय पिन मात्र कुठेही लिहू नका.

७. ब्राउझरची झाडलोट

‘सूचना पाठवायला परवानगी द्या’ असं विचारणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला नकार द्या. ‘तुमच्या मोबाइलमध्ये व्हायरस आहे’ असे घाबरवणारे संदेश अनेकदा अशाच एखाद्या विसरलेल्या परवानगीतून येतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, आणि तिथली नको ती नावं काढून टाका. कॉम्प्युटरवर एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) असतील तर न लागणारी काढा. धोकादायक वेबसाइटचा इशारा देणारं सेफ ब्राउझिंग ‘वाढीव संरक्षणा’वर ठेवा.

८. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर

सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान, सेवा केंद्र इथे आपण आधारची पीडीएफ काढतो, छापतो आणि निघून येतो. फाइल तिथेच राहते. तिला पासवर्ड असतो, पण तो काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. दोन्ही गोष्टी तुमच्या इतर कागदांवर छापलेल्या असतात. तेव्हा:

- छापून झाल्यावर डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि नंतर रिसायकल बिनमधूनही फाइल स्वतः काढून टाका
- दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा
- शक्य तिथे मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात
- आधारच्या वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे बोटाच्या ठशावरून कुणी पैसे काढू शकणार नाही

अशा ठिकाणी खासगी खिडकी म्हणजे इनकॉग्निटो वापरा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. ती इतिहास साठवत नाही एवढंच. उतरवलेली फाइल तिथेच राहते. बँकेचं काम मात्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अजिबात करू नका.

९. तरीही फसलात तर

पहिला फोन १९३० ला, लगेच. घरच्यांना काय सांगू, हा विचार नंतर. चोरांनी नेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात आणि मग एटीएममधून निघतात. निघण्याआधी तक्रार पोचली, तर बँका ती रक्कम रोखून धरू शकतात. आम्ही एक रात्र उशिरा फोन केला, म्हणून ४६,००० पैकी ११,५०० रुपयेच अडवले गेले.

दुसरा फोन बँकेला, खातं आणि कार्ड थांबवण्यासाठी. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमची चूक नसताना त्रयस्थामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्ही बाबतीत वेळेची नोंदच कामी येते.

मोबाइलमध्ये अनोळखी अ‍ॅप बसलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि हे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. पुरावे हाती येईपर्यंत मोबाइल रीसेट करू नका.

नंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर लेखी तक्रार पूर्ण करा. सोबत लागेल ते:

- बँकेचं विवरणपत्र आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयचा बारा आकडी असतो)
- व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम
- संदेश, कॉलची यादी, पावती यांचे स्क्रीनशॉट
- बनावट वेबसाइटचा पूर्ण पत्ता, कॉपी केलेला
- तुमचं ओळखपत्र
- १९३० वर मिळालेला पोचक्रमांक

पोलीस ठाण्यात जायची वेळ आली आणि ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकू आलं, तर झिरो एफआयआरची मागणी करा. नव्या कायद्यानुसार, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर तो दूरसंचार विभागाच्या संचार साथी या वेबसाइटवर ‘चक्षू’ या भागात नोंदवा. तिथेच तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत तेही बघता येतं.

अडवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो, बाबांना कागद घेऊन तीन फेऱ्या माराव्या लागल्या. आणि याच दिवसांत त्यांना एक फोन आला: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी दोन हजार भरा.’ एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुढे विकला जातो आणि असे फोन येत राहतात. पैसे परत मिळवून देण्यासाठी १९३०, पोलीस किंवा बँक शुल्क मागत नाहीत. बाबांनी फोन ठेवला, तो नंबर वहीत उतरवला आणि चक्षूवर तक्रार स्वतःच भरली.